सरस

सरस तापायला लागला की जो वास सुटतो त्याला सुगंध म्हणायचं धाडस कुणी करणार नाही. जनावरांचं कातडं उकळून, गाळून, वाळवून केलेला तो पदार्थ कढत पाण्यात विरघळू लागला की भिजलेल्या घोंगडीचा, पावसाळ्यात दाराआड राहून गेलेल्या वहाणांचा आणि त्या सगळ्याच्या तळाशी कुठेतरी करपलेल्या दुधाचा असा मिळून एक वास घरभर हिंडत राहतो. नाकाला पदर लावावा असा. मला मात्र तो आला की पाय थांबतात. गर्दीत मागून ओळखीचा खोकला ऐकू यावा आणि आपण मान वळवून बघावं, तसं होतं.

इटलीतल्या क्रेमोनात तसंच झालं. नोव्हेंबरातली दुपार होती. पो नदीच्या खोऱ्यातलं पांढरं, ओलसर धुकं गावात उतरलं होतं आणि ११२ मीटर उंचीचा तोराझ्झोचा तो प्रसिद्ध मनोरा कमरेपासून वर नाहीसाच झाला होता. मुलगा मिलानला नोकरीला. तो कामावर गेला की त्याच्या त्या इवल्याशा घरात दिवसभर मी आणि भिंती. म्हणून एके दिवशी पोळीभाजीचा डबा घेऊन एकटीच गाडीत बसले. खिडकीबाहेर दोन्ही अंगांना कापणी झालेली सपाट शेतं, मध्येच एखादा गोठा, मध्येच पानं गळालेल्या झाडांची सरळ रांग, पुन्हा शेतं. बघण्यासारखं काही नाही आणि तरी नजर हटत नाही, असा तो प्रवास. गावात पोचल्यावर नकाशा न बघता हिंडत राहिले, एका अरुंद गल्लीत वळले, आणि आधी वास आला. दुकान नंतर दिसलं.

काचेमागे तारेवर चार व्हायोलिनं टांगलेली होती, अजून रोगण न लागलेली, भिजवून सोललेल्या बदामासारखी फिकट. खाली बाकावर रंध्याच्या ढलप्या, त्यातच अक्रोडाएवढे पितळी रंधे, बाहुलीच्या संसारातून आणल्यासारखे. कोपऱ्यात शेगडी, शेगडीवर पाण्याचं भांडं, त्या पाण्यात दुसरं छोटं भांडं आणि त्यात काकवीसारखं तांबूस, पातळ काहीतरी. चाळिशीची एक बाई केसांत पेन्सिल खोवून काम करत होती. मी काचेशी किती वेळ उभी होते कोण जाणे, पण मी काही तेव्हा क्रेमोनात नव्हते. मी मिरजेत होते.

सांगलीहून मिरज म्हणजे अंतर ते काय, एसटीनं अर्धा तास. पण माझे वडील, अण्णा, त्यासाठी रविवार राखून ठेवत. व्हायोलिनची काळी पेटी जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून ते मांडीवर घेत, आणि पेटीवर माझा हात असे. सतारमेकर गल्लीत शिरलं की वर बघत चालायचं, कारण आढ्याला भोपळे टांगलेले. मोठे, पिवळे, पोकळ, पुढे तंबोरे होणार असलेले भोपळे. तिथले एक म्हातारे कारागीर सतारी करत, पण अण्णांच्या व्हायोलिनलाही तेच हात लावत. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्या पुढ्यात विस्तवावर सरसाचं भांडं सदा चढवलेलं असे, आणि तो वास भिंतींत, भोपळ्यांत, त्यांच्या सदऱ्यात इतका मुरलेला होता की मला वाटे, गाणं तयार होण्याआधी ते असंच वास मारत असणार.

अशाच एका रविवारी व्हायोलिनची तबली, म्हणजे वरची पातळ फळी, एका कडेनं सुटली होती. उन्हाळा कडक होता, लाकूड आक्रसलं होतं. अण्णा अपराध्यासारखे बसले होते. चाचांनी वाद्य कानाशी नेलं, बोटांच्या पेरांनी कडेकडेनं टकटक केलं आणि म्हणाले, "सुटली ते बरं झालं, अण्णा. सुटली नसती तर फाटली असती."

मी विचारलं, "मग घट्ट का नाही चिकटवत?"

चाचा हसले. दात थोडेच होते. "घट्ट चिकटवायला काय, कुणीबी चिकटवतंय. मग उघडायचं कुणी?"

त्यांनी पातळ सुरी घेतली, पाण्यात बुडवली आणि फटीत सरकवली. कट्. थोडं थांबून पुन्हा, कट्. वाळलेला सरस तुटताना असा आवाज करतो, थंडीत बोटं मोडावीत तसा. आणि मग तबली उचलली गेली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा वाद्याचं आतलं बघितलं. किती साधं होतं ते! धुळीची एक करडी गोळी, पेन्सिलीच्या दोन-चार खुणा, एक बारीक काडी लवंडलेली, आणि पाठीच्या आतल्या अंगाला चिकटवलेला पिवळट कागद. त्यावर इंग्रजी अक्षरं. मी एकेक अक्षर लावत वाचलं: अँटोनियस स्ट्रॅडिव्हेरियस क्रेमोनेन्सिस.

येताना एसटीत अण्णा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "जगातलं सगळ्यात भारी व्हायोलिन आहे आपलं. पण कुणाला सांगू नकोस हं, चोर येतील." कितीतरी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही. रात्री पेटी पलंगाखाली नीट आत सरकवलीय ना, ते बघून मगच झोपायची.

अण्णांनी ते वाद्य मुंबईत धोबीतलावला घेतलं होतं, एका गोवेकर वादकाकडून. तिथल्या कुडांमधून, म्हणजे गोवेकरांच्या सामाईक बिऱ्हाडांतून, तेव्हा गोव्याची कितीतरी माणसं राहत, दिवसा सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवत, रविवारी चर्चमध्ये. त्या गृहस्थाला गावी परतायचं होतं आणि अण्णांकडे पहिल्या पगाराचे पैसे होते. तो उभ्यानं, हनुवटीखाली धरून वाजवायचा. अण्णांनी ते मांडी घालून, उजवा पाय पुढे घेऊन, वाद्याचं नाक घोट्यावर टेकवून नाट्यगीतांना जुंपलं. व्हायोलिनच्या माथ्यावर वळी घातलेली असते ना, तिला इटालियन लोक कुरळ्या बटेचं नाव देतात. आमच्या घरी ती बट अण्णांच्या पायाशी असे.

मोठी झाल्यावर कळलं की त्या कागदावर खाली आणखी एक ओळ होती, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांची, आणि ती चेकोस्लोव्हाकिया म्हणत होती. जर्मनीतल्या आणि बोहेमियातल्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकापासून असली व्हायोलिनं हजारोंनी, लाखोंनी केली आणि प्रत्येकाच्या पोटात त्या एका माणसाचं नाव डकवलं. त्यात फसवणूक होती असंही सगळे मानत नाहीत. नमुना त्याचा, एवढंच म्हणायचं असे. पण त्यामुळे झालं काय, की जगभरच्या माळ्यांवर, कपाटांवर, पलंगांखाली एकेक खजिना झोपलेला आहे आणि एकेक नऊ वर्षांची पोर त्याची राखण करते आहे.

अण्णांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं, हेही मला उशिराच कळलं.

त्या नावाच्या माणसाबद्दल मग मी मिळेल ते वाचत गेले, जसं सासरच्या कुणा न पाहिलेल्या आजोबांबद्दल विचारत जावं. अंतोनियो स्त्रादिवारी. जन्म कधीचा, याची नोंदच नाही. पण म्हातारपणी त्यानं आपल्या वाद्यातल्या चिठ्ठीवर हातानं वय लिहून ठेवलं. १७३६ सालच्या एका व्हायोलिनात ९२ वर्षं असं लिहिलेलं आहे, त्यावरून लोक १६४४ चा हिशेब मांडतात. मला त्या आकड्यात फुशारकी दिसत नाही. नव्वदी ओलांडलेल्या माणसाला आपल्या हातावरच नवल वाटलं असेल, की बाबा रे, तू अजून चालतोयस! पुढच्या वर्षी, १८ डिसेंबर १७३७ ला तो गेला.

त्याच्या आधी व्हायोलिन करणारं आमाती घराणं होतं. १६३० च्या प्लेगनं क्रेमोना उजाड केलं, आमातींच्या घरातही मृत्यू शिरला आणि निकोलो आमाती ही विद्या जाणणारा जवळजवळ एकटा उरला. घरातली विद्या घरातच ठेवायची रीत त्यालाच मोडावी लागली, त्यानं बाहेरची मुलं हाताखाली घेतली. स्त्रादिवारीच्या १६६६ सालच्या एका वाद्यात निकोलो आमातीचा शिष्य अशी चिठ्ठी सापडते. पुढे गुरूचं नाव गळतं आणि राहतं ते फक्त स्वतःचं. शिष्य मोठा झाला म्हणायचं की थोडा कृतघ्न? मला दोन्ही वाटतं, वेळेवर अवलंबून आहे.

१६६७ मध्ये त्यानं फ्रान्चेस्काशी लग्न केलं. ती विधवा होती. १६८० मध्ये सान दोमेनिको चर्चसमोर तीनमजली घर घेतलं. १६९८ मध्ये फ्रान्चेस्का गेली तेव्हा अंत्यविधीला त्यानं हात आखडला नाही. पाद्री, घंटा, मशाली, सगळ्या खर्चाची यादी आजही शिल्लक आहे. पुढच्या वर्षी दुसरं लग्न. दोन्ही मिळून अकरा मुलं झाली, काही लहानपणीच गेली, आणि फ्रान्चेस्को आणि ओमोबोनो हे दोघे मुलगे म्हातारे होईपर्यंत बापाच्या हाताखाली राबले. बिचारे! बाप ९३ वर्षं जगला. तो गेल्यावर ओमोबोनोला पाच वर्षं मिळाली आणि फ्रान्चेस्कोला सहा. बापाच्या सावलीतून बाहेर यायला त्यांना आयुष्य पुरलं नाही.

पैसा मात्र भरपूर मिळाला. स्त्रादिवारीसारखा श्रीमंत, अशी म्हणच गावात पडली होती. अंगावर कामाच्या वेळी पांढऱ्या कातड्याचा अंगरखावजा पुढा, डोक्यावर पांढरी टोपी, हिवाळ्यात लोकरीची, उन्हाळ्यात सुती. आणि सदा कामच चालू, त्यामुळे वेशही सदा तोच, असं त्याचं वर्णन पुढच्यांनी ऐकीव सांगून ठेवलंय. मला तो घरात कसा दिसत असेल ते कळतं. लेकरांनी भरलेल्या त्या घरात सकाळी चुलीवर एका बाजूला जेवण शिजत असणार आणि एका बाजूला सरस. फ्रान्चेस्का काही म्हणाली असेल का? एखाद्या दिवशी तरी? आमची आई म्हणायची. अण्णांनी एकदा स्वयंपाकघरातल्या पातेल्यात सरस तापवला होता, तर ते पातेलं तिनं पुन्हा कधी घरात घेतलं नाही, त्यात तुळस लावली.

जग स्त्रादिवारीच्या रोगणाच्या मागे लागलं. रोगणात काय होतं, कुठल्या किड्याचा रंग, कुठलं गुपित? पॅरिसच्या संशोधकांनी त्याची पाच वाद्यं तपासली, तर निघालं काय? चित्रकार वापरायचे तसलं तेल, झाडाची राळ आणि थोडा तांबडा रंग. मग लोक लाकडाच्या मागे लागले. डोलोमाइट डोंगरांच्या अंगाला पानेवेज्जोचं जंगल आहे, तिथला सावकाश वाढलेला, दाट रेषांचा स्प्रूस तबलीसाठी उतरत असे, अजून उतरतो. २०१८ च्या ऑक्टोबरात एका वादळानं त्या मुलखातली लाखो झाडं एका रात्रीत आडवी केली, तेव्हा जगभरच्या वाद्यकारांनी घरातलं कुणी गेल्यासारखं दुःख केलं. मग कुणी वादकांच्या डोळ्यांवर गडद चष्मे चढवून जुन्यानव्याची परीक्षा घेतली आणि बऱ्याच जणांनी नवीनच वाद्य पसंत केलं. मला त्या वादात पडायचं नाही. माझ्या कानाला अण्णांचं चेकोस्लोव्हाकियाही स्वर्गीय वाटायचं, तेव्हा माझी साक्ष कोण धरणार?

मला सरसाचं नवल वाटतं. त्याबद्दल कुणी फार बोलत नाही, कारण तो दिसत नाही. सत्तरहून अधिक तुकडे असतात एका व्हायोलिनमध्ये. स्प्रूसची तबली, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीची, मेपलची पाठ, विस्तवावर तापलेल्या लोखंडाशी धरून, ओल्या कापडाची वाफ काढत वळवलेल्या बाजूच्या पट्ट्या, पोस्टकार्डाहून थोड्याच जाड, आत कोपऱ्यांना विलोचे ठोकळे. तारा चढल्या की वीस किलोहून जास्त ताण त्या चारशे-साडेचारशे ग्रॅमच्या देहावर येतो. हे सगळं धरून ठेवतो तो सरस. त्यातही करणारे पाठ लावताना दाट सरस घेतात आणि तबली लावताना मुद्दाम पातळ करतात, पाणी घालून. म्हणजे ओढाताण झालीच तर आधी सरस सुटावा, लाकूड वाचावं. तीनशे वर्षांत स्त्रादिवारीची कितीतरी वाद्यं कितीदा उघडली गेली, आतली पट्टी बदलली, भेगा सांधल्या, आणि पुन्हा मिटली. उघडता आली म्हणून राहिली. सुमारे ६५० आज आहेत म्हणतात.

एका ठिकाणी मात्र त्यानं खिळे ठोकले होते. मान जिथे धडाला जुळते तिथे, आतून, लोखंडी. तेव्हाची तशीच रीत होती. पुढे सभागृहं मोठी झाली, आवाज मोठा हवा झाला, मान लांब आणि तिरकी हवी झाली, आणि एकोणिसाव्या शतकात त्याच्या जवळजवळ सगळ्या वाद्यांच्या माना बदलल्या गेल्या. माथ्यावरची ती कुरळी बट तेवढी हलक्या हातानं कापून नव्या मानेवर कलम केली. आंब्याचं करतात तसं कलम.

आणि आत ती काडी. तबली आणि पाठ यांच्यामध्ये उभी असते ती. आम्ही तिला काडीच म्हणायचो, अण्णा म्हणायचे, "काडी पडली की राग बेसूर." इटालियनमध्ये तिला आनिमा म्हणतात, आत्मा. तिला सरसही लावत नाहीत. नुसती दोन्हीकडच्या दाबावर उभी असते.

हे सगळं मी क्रेमोनातल्या दुकानातल्या त्या बाईला कसं सांगणार होते? मला इटालियनमधलं धन्यवाद आणि पाणी एवढंच येत होतं, तिला माझ्यापेक्षा थोडं कमी इंग्रजी. पण मी आत गेले तेव्हा तिनं स्टूल पुढे केलं आणि आपलं काम चालू ठेवलं, आणि काम बघताना भाषा फारशी लागत नाही. तिच्यापुढे एक जुनं व्हायोलिन होतं, कुठल्याशा शाळेतलं असावं, साधंच. तिनं पातळ पातं घेतलं, फटीत सरकवलं. कट्. थोडं थांबून, कट्. माझे डोळे भरून आले आणि मला त्याची लाज वाटली. तिनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

मग मी सांगितलं. हातवाऱ्यांनी, तुटक इंग्रजीत, पण सांगितलं.

मी एकोणीस वर्षांची होते, पुण्याहून सुटीत घरी आले होते. चाचा वारले होते. त्यांच्या मुलानं दुसराच धंदा धरला होता. वैशाखात तबली पुन्हा सुटली, खालच्या कडेला, चार बोटं. अण्णा नुसते बघत राहायचे, मिरजेला कुणाकडे जायचं ते सुचत नव्हतं त्यांना. मी बाजारातून पांढरा गोंद आणला, सुतार वापरतात तो, दगडाला दगड जोडणारा. अण्णा कचेरीत होते. मी फटीत भरपूर ओतला, वर दोऱ्या आवळल्या, पाटा ठेवला. संध्याकाळी अण्णा आले तर वाद्य सांधलेलं! त्यांनी अंगठ्यानं कड चाचपली. एक क्षण, एकच क्षण, त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी गेलं. मग म्हणाले, "अरे वा. सरस केलंस हं काम."

त्यांनी तो शब्द मुद्दाम वापरला होता का? मी किती वर्षं विचार करते आहे. आपल्या भाषेनं त्या ओंगळ चिकट पदार्थाला आणि उत्तमाहून उत्तमाला एकच शब्द का दिला असेल कोण जाणे. अण्णा शब्दांशी खेळत, पण दुखवत नसत.

पुढच्या वैशाखात लाकूड आक्रसलं. कड सुटली नाही. सुटणारच नव्हती. तबलीच फाटली, खालच्या कडेपासून वर आवाजाच्या त्या लांबट छिद्रापर्यंत, सरळ रेषेत, केसांत भांग पाडावा तशी. त्यानंतरही अण्णा वाजवायचे. मंद्र सप्तकातल्या एका स्वरावर वाद्य झणझणायचं, काचेच्या बरणीत माशी अडकल्यासारखं, आणि ते त्या स्वरावर गज हलका करत, त्याला चुकवून पुढे जात. पाहुणे आले की वाद्य उलटंसुलटं करून दाखवत आणि म्हणत, "ही कड दिसतेय ना? ही आमच्या बाईसाहेबांनी जोडलीय." किती अभिमानानं म्हणत! मला वाटे, आत कुठेतरी लपावं.

बाईनं सगळं ऐकून घेतलं. पांढरा गोंद कळला तेव्हा तिनं दोन्ही गालांवर हात ठेवले, अगदी आपल्याकडच्या बायका ठेवतात तसे. मग हसायला लागली. मग मीही. ती म्हणाली, प्रत्येक घरात एक असतो. एवढंच इंग्रजी तिला नीट जमलं.

निघताना तिनं संग्रहालयात जायलाच हवं असं बजावलं. व्हायोलिनचं संग्रहालय, २०१३ मध्ये उघडलेलं. तिथे मी स्त्रादिवारीची व्हायोलिनं पाहिली, काचेत, तांबूस, झोपलेली. पण जास्त वेळ उभी राहिले ती त्याच्या साच्यांपाशी. लाकडाचे साचे, ज्यांच्याभोवती तो पट्ट्या वळवायचा. कागदाचे नमुने, कंपासचे टोचे, त्याच्या हातची अक्षरं. ही सगळी अवजारं त्याच्या धाकट्या मुलानं, पाओलोनं, विकून टाकली होती. कोत्सिओ नावाच्या सरदारानं ती घेतली, जपली. नंतर जुसेप्पे फिओरिनी नावाच्या वाद्यकारानं १९२० मध्ये ती त्याच्या वारसांकडून विकत घेतली आणि १९३० मध्ये क्रेमोनाला देऊन टाकली. विकली नाहीत, दिली. घरातलं गेलेलं परक्यानं परत आणून ठेवायचं, आणि मग बाजूला व्हायचं. मला त्या माणसाला नमस्कार करावासा वाटला.

तिथल्याच एका चिठ्ठीपाशी मला ते दिसलं. अंतोनियस स्त्रादिवारियस क्रेमोनेन्सिस, आणि पुढे एक शब्द, जो लहानपणी मी फेसिबॅट असा वाचायची आणि एखाद्या वटवाघळाचं नाव समजायची. फाचिएबात. शेजारी उभ्या असलेल्या एका तरुण मुलाला विचारलं, तो कुठल्याशा विद्यापीठात लॅटिन शिकत होता. तो म्हणाला, याचा अर्थ केलं असा नाही. करत होता. शाळेतल्या व्याकरणाच्या बाई आठवल्या, फळ्यावर खडूनं लिहिणाऱ्या: अपूर्ण भूतकाळ.

१७०८ सालच्या ऑगस्टातलं स्त्रादिवारीचं एक पत्र आहे, थोड्या शिल्लक राहिलेल्यांपैकी. कुणा मोठ्या माणसाचं व्हायोलिन दुरुस्तीला आलं होतं आणि उशीर झाला होता. तो क्षमा मागतो: रोगणापायी वेळ लागला, भेगा होत्या, उन्हानं त्या पुन्हा उघडू नयेत म्हणून. साठी ओलांडलेला, गावातला सगळ्यात मोठा कारागीर, आणि पत्रातला सूर गल्लीतल्या शिंप्याचा. ऊन फार होतं हो, म्हणून राहिलं. क्रेमोनातलं ते ऑगस्टचं ऊन आणि सांगलीतलं वैशाखाचं, लाकडाला दोन्ही सारखीच. त्याच्या घराच्या वर मोकळा माळा होता, तिथे नुकतं रोगण दिलेली वाद्यं वाऱ्याला टांगत. भांडी वाळत घालावीत, पापड वाळत घालावेत, तशी ती व्हायोलिनं.

ते घर आता नाही. समोरचं चर्चही नाही. ते पाडलं तेव्हा आतली थडगी हलवली गेली आणि त्याची हाडं इतरांच्या हाडांत मिसळून गेली. तिथे बाग आहे. एक दगड आहे, त्यावर नाव आहे, खाली तो नाही. बाकावर बसून मी डबा उघडला. धुकं आणखी खाली आलं होतं. या गावानं २०१९ च्या जानेवारीत जुन्या वाद्यांचे स्वर मुद्रित करून ठेवण्यासाठी कितीतरी दिवस आपला आवाज बंद ठेवला होता. संग्रहालयाच्या आजूबाजूचे रस्ते बंद, सभागृहातले दिवेसुद्धा गुणगुणतात म्हणून काढून ठेवलेले, आणि लोकांना विनंती की भांडं पाडू नका, टाचा वाजवू नका. तसलीच शांतता त्या दुपारीही होती, फक्त कुणी मागितली नव्हती. भाजी गार झाली होती. बटाट्याचीच होती, पण अण्णांना आवडायची.

परतीच्या गाडीत पर्समधून रुमाल काढताना हाताला कागदाची पुडी लागली. बाईनं निघताना दिलेली. मी ती मिठाई समजले होते, कारण ते गाव तोर्रोनेसाठीही प्रसिद्ध, बदाम आणि मधाची ती वडी दुकानादुकानात असते. उघडली तर मधाच्या रंगाचे खडखडीत दाणे. कोरडा सरस.

अण्णांचं व्हायोलिन माझ्याकडे कपाटावर आहे. पुण्यात दाखवलं दोघातिघांना. ते म्हणतात, तो गोंद निघणार नाही बाई, काढायला गेलं तर लाकूडही निघेल. असू दे. पण गेल्या आठवड्यात, आषाढ लागलेला, बाहेर झड, दुपारी घरात कुणी नाहीसं बघून मी एक छोटं स्टीलचं भांडं काढलं, चमचाभर दाणे पाण्यात भिजत घातले. दोन तासांनी ते फुगले, साबुदाण्यासारखे. मग मोठ्या पातेल्यात पाणी ठेवून त्यात ते भांडं सोडलं आणि गॅस बारीक केला. उकळू द्यायचं नाही, चाचा म्हणायचे, बोट घातलं तर सोसवेल इतपतच. दाणे विरघळले. वास निघाला, आधी जपून, मग सगळ्या घरभर. मी ओट्याशी स्टूल घेऊन बसले. कपाटावरची पेटी उतरवून धूळ पुसून शेजारी ठेवली, उघडली, गजाचे केस सैल होते ते तसेच राहू दिले.

दार वाजलं. नातू शाळेतून आला होता, दप्तर भिजलेलं, नाक मुठीत धरलेलं.

"आजी, शी! काय करपवलंस?"

"ये इकडे," म्हटलं. "आधी हात पूस. आणि या भोकातून आत बघ, कागद दिसतोय? काय लिहिलंय वाच बघू."